हात वाकडा कोणी केला?

वाशीम जिल्ह्यातले कारंजा लाड हे नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. गुरुचरित्राची सप्ताहाने पारायणे करणारी घरे वऱ्हाडात आजही गावोगाव सापडतात. त्या ग्रंथात कुष्ठाने पिडलेल्या एका ब्राह्मणाची कथा आहे. गुरू त्याला औदुंबराचे वाळके लाकूड नदीकाठी रोवून पाणी घालत राहायला सांगतात. लोक हसतात, तो हटत नाही. अखेर लाकडाला पालवी फुटते आणि त्याचे अंगही निर्मळ होते. कथा श्रद्धेची आहे, तिला प्रयोगशाळेत नेण्याचे कारण नाही. मात्र ज्या समाजात ती सांगितली गेली त्याची समजूत तिच्यात स्वच्छ दिसते: रोग पूर्वकर्माने येतो, आणि तो जाणे म्हणजे कातडी नितळ होणे. अंगावरचे पांढरे कोड आणि महारोग यांत तेव्हा कोणी काटेकोर फरक करत नसे. वाळीत टाकताना तर मुळीच नाही.

सगळ्यांची नजर अशी कातडीवर खिळली आणि एक प्रश्न बाजूला राहिला. महारोग्याची बोटे आत वळतात, पाऊल लुळे पडते, डोळा मिटत नाही, चुलीवरचे भांडे हाताला चिकटले तरी कळत नाही. माणसाला गावाबाहेर काढले ते या विद्रूपतेने. चट्टा तर सदऱ्याखाली झाकता येतो. मग हात वाकडा करतो कोण? पाप, रक्त, जंतू अशी उत्तरे एकामागून एक आली. आजचे उत्तर असे की जंतू निमित्त असतो, पण नसेची नासधूस बरीचशी रुग्णाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीकडून, विशेषतः तिच्यातल्या टी पेशींकडून होते. तिथवर पोचायला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या वाटेवर नॉर्वे आहे, लंडन आहे, तसेच मुंबईचे जे. जे. रुग्णालय आणि वर्ध्याच्या आसपासची खेडीही आहेत.

सुरुवात मुंबईपासून करू. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हे नाव वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असायला हवे, आणि बहुतेकांना ते माहीत नसते. १८५८ साली लंडनमध्ये निघालेल्या ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’तली चित्रे त्याने काढलेली. पुस्तकाला नाव ग्रेचे राहिले. कार्टर त्याच साली मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागला आणि पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन झाला. मुंबईत महारोगाने मेलेल्यांची प्रेते तपासताना त्याला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: कोपराजवळच्या, मनगटाच्या, गुडघ्याच्या नसा दोरीसारख्या जाड झालेल्या. चित्रकाराचा डोळा असलेल्या माणसाला ते दिसले यात नवल नाही. हा रोग केवळ कातडीचा नसून नसांचा आहे, हे त्याने १८६० च्या दशकातच लिहून ठेवले. नसा जाड का होतात याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते, कोणाकडेच नव्हते.

ते शोधायला तो १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेतल्या बर्गनला गेला. महारोगाच्या अभ्यासाची ती तेव्हाची पंढरी होती. तिथला ज्येष्ठ अधिकारी डॅनिएलसेन याने रुग्णांच्या गाठींतला अंश स्वतःच्या अंगात अनेकदा टोचून घेतला होता. त्याला काहीही झाले नाही. त्यावरून त्याने ठाम निष्कर्ष काढला की रोग संसर्गाने येत नाही, रक्तातून येतो. त्याचाच जावई आर्मॉर हॅन्सन. त्याने १८७३ साली रुग्णांच्या गाठींत काडीसारखे जंतू पाहिले आणि सासऱ्याचे मत मोडीत काढले. पण जंतू रोग करतो हे सिद्ध करायला निरोगी माणसाला रोग लावून दाखवणे भाग होते. १८७९ साली हॅन्सनने एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात, तिला न विचारता, दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाचा अंश टोचला. खटला झाला, त्याची रुग्णालयातली जागा गेली, आणि एवढे करूनही प्रयोग फसलाच. कार्टरने मात्र हॅन्सनचे म्हणणे उचलून धरले आणि हिंदुस्थानात त्याचा पाठपुरावा केला.

सासऱ्याचा निष्कर्ष चुकला, पण त्याने पाहिलेले खोटे नव्हते. महारोगाचे जंतू शिरले तरी शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव माणसांना रोग होत नाही. डॅनिएलसेन त्या पंच्याण्णवांतला. पुढच्या शतकात कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये महारोगाचे शिक्षण घ्यायला गेलेल्या वरोऱ्याच्या एका वकिलाने हेच केले. बाबा आमट्यांनी प्रयोगासाठी स्वतःच्या अंगात महारोगाचे जंतू टोचून घेतले आणि त्यांना रोग झाला नाही, हे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. आपण ती गोष्ट धाडसाची म्हणून सांगतो, आणि धाडस ते होतेच. पण बाबांच्या टी पेशींनी त्या जंतूंना थारा दिला नाही, हा तिचा न सांगितलेला अर्धा भाग.

या दरम्यान सरकार काय करत होते? मोजत होते. इंग्रजी अमलातल्या जनगणनेत आंधळे, बहिरे-मुके, वेडे आणि महारोगी यांचे वेगळे रकाने असत. त्यात वाशीमची मोजणी वेगळी, कारण तो तेव्हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडून अकोल्यात घातला. १८९८ साली महारोग्यांचा कायदा आला. भीक मागणाऱ्या महारोग्याला पकडून आश्रमात डांबण्याची सोय त्यात होती, त्याच्या नसांची कुठलीच नव्हती. हा कायदा पुस्तकातून निघायला २०१६ उजाडले. मुंबईत म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅकवर्थ याने १८९० साली माटुंग्याला आश्रम काढला, तोच आजचा वडाळ्याचा अ‍ॅकवर्थ रुग्णालय परिसर. शंकर तुकाराम शाळिग्रामांच्या बरोबरीने मराठी पोवाडे गोळा करून छापणारा अ‍ॅकवर्थ हाच. पोवाड्यांच्या अभ्यासकांना महारोगाचा आश्रम माहीत नसतो आणि वडाळ्याच्या रुग्णांना पोवाडे.

विदर्भात कामाला खरा जोर आला तो १९३० नंतर. मनोहर दिवाणांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. पाठीशी विनोबा होते. सेवाग्रामात गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगातले आपले सोबती, संस्कृत पंडित परचुरे शास्त्री यांना शेजारी झोपडी बांधून ठेवून घेतले आणि त्यांच्या अंगाला स्वतः तेल चोळले. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन उभे राहिले, अचलपूरजवळ कोठाऱ्याला मिशनचे रुग्णालय होते, आणि १९५१ साली वरोऱ्याच्या माळरानावर आनंदवन. वाशीम-मंगरुळपीरकडच्या माणसाच्या हाताला मुंग्या येऊन बोट वळू लागले, की त्याची वाट पूर्वेकडेच जायची. या संस्थांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, इथे त्याची उजळणी नको. पण दोन गोष्टी सांगायला हव्यात. या माणसांनी रुग्णांना स्पर्श केला आणि त्यामुळे गावाची भीती थोडी ओसरली. दुसरी गोष्ट कमी सुखाची. त्यांच्याकडे येणारा माणूस बहुधा हात-पाय वाकडे झाल्यावरच येत असे, आणि वाकडा झालेला हात सेवेने सरळ होत नाही.

तोवर औषध आले होते. अमेरिकेत कार्व्हिलला १९४१ पासून सल्फोन औषधे वापरली जाऊ लागली, आणि दशकाच्या अखेरीस त्यांतली स्वस्त डॅप्सोनची गोळी भारतात पोचली. १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण प्रतिष्ठान स्थापन झाले आणि डॉ. वर्देकरांनी सेवाग्रामच्या परिसरात एक पद्धत बसवली: घरोघर जाऊन तपासणी, लोकशिक्षण, आणि रुग्णाला त्याच्या गावातच गोळी. आश्रमाच्या भिंतीआडचा रोग झाडाखालच्या दवाखान्यात आला. १९५५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने हीच पद्धत उचलली. माझ्या मते विदर्भाने देशाला दिलेली ही गोष्ट आनंदवनाइतकीच मोठी आहे. तिला कवी मिळाला नाही एवढेच.

आणि इथेच कोडे उभे राहिले. गोळ्या सुरू झाल्यावर काही रुग्ण अचानक बिघडत. वर्षभर मुकाट पडून असलेला चट्टा लालबुंद होऊन सुजे, कोपरामागची नस ठणके, आणि चार-आठ दिवसांत करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट वळून बसे. कोणाच्या अंगभर दुखऱ्या गाठी उठत, ताप चढे. कार्यकर्त्यांच्या बोलीत याला नुसते ‘रिअ‍ॅक्शन’ म्हणत, आजही तेच म्हणतात. रुग्णांनी आपला अर्थ लावला: गोळी उष्ण पडली. डॉक्टरांचाही अर्थ फारसा वेगळा नव्हता. रिअ‍ॅक्शन आली की डॅप्सोन कमी करायचे किंवा बंदच, अशी तेव्हाची रीत होती. तपासून पाहावे तर जंतू वाढलेले नसत, उलट घटलेले असत. शत्रू कमी झाला आणि घर मात्र अधिक पडले!

उत्तराचा एक धागा जुना होता. १९१९ साली जपानमध्ये मित्सुदाने महारोगाच्या गाठी उकळून, त्यांतले मेलेले जंतू रुग्णांच्या कातडीत टोचले होते. ज्यांच्या अंगावर एक-दोनच बधिर चट्टे होते त्यांना तीन-चार आठवड्यांनी तिथे गाठ आली. ज्यांचे अंग गाठींनी भरले होते आणि ज्यांच्यात जंतू अब्जावधी, त्यांना काहीच आले नाही. म्हणजे जंतूंची ओळख ज्याला पटते त्याच्याकडे जंतू थोडे, आणि ज्याला पटत नाही त्याच्याकडे ते मोकाट. ही ओळख ठेवतो कोण, हे कळायला १९६१ साल यावे लागले. छातीत हृदयाच्या वर असलेली थायमस ग्रंथी तोवर बिनकामाची समजली जाई. लंडनमध्ये जॅक मिलर या तरुण डॉक्टरने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथी काढली, तर त्यांची रोगांशी झगडण्याची ताकदच गेली. परक्या उंदराची कातडीही त्यांच्या अंगावर निमूट रुजली. थायमसमध्ये तयार होणाऱ्या, ही ओळख ठेवणाऱ्या पेशींना दशक संपता संपता टी पेशी हे नाव पडले.

महारोगाला ही गुरुकिल्ली तंतोतंत बसली. १९६६ साली लंडनच्या रिडली आणि जॉपलिंग यांनी रोगाची पाच पायऱ्यांत मांडणी केली: एका टोकाला टी पेशी जोमात आणि जंतू नगण्य, दुसऱ्या टोकाला उलट, आणि मधल्या पायऱ्यांवर डळमळीत तोल. चट्टा सुजवणारी, नस ठणकवणारी रिअ‍ॅक्शन येते ती मुख्यतः या मधल्या लोकांना. त्यांतल्या तिसऱ्या हिश्शापर्यंत रुग्णांना ती गाठते. औषधाने जंतू मरू लागले की इतके दिवस दबलेल्या टी पेशी जाग्या होतात आणि जंतू दडले आहेत तिथे धावतात. आणि जंतू दडलेले असतात नसांत, नसेच्या तंतूंना आवरण घालणाऱ्या पेशींच्या पोटात. त्यांना शरीराचा थंड भाग आवडतो, म्हणून कोपर, मनगट, गुडघा, चेहरा. पिकात शिरलेली रानडुकरे हाकलायला अख्खे गाव काठ्या घेऊन धावावे आणि त्याच गर्दीखाली उभी तूर आडवी व्हावी, तसे ते होते. टी पेशींच्या हाकेने भक्षक पेशी गोळा होतात, नस सुजते, तिच्याभोवतीच्या न ताणल्या जाणाऱ्या वेष्टनात तीच आवळली जाते, तंतू मरतात. मेलेल्या जंतूंचे अवशेषही यासाठी पुरतात. जंतू संपल्यानंतरही रिअ‍ॅक्शन का येते, याचा खुलासा इथे होतो.

मुंबई या कामात मागे नव्हती. डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी रोगाच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांतले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून १९५१ साली दाखवले की जंतूंची पहिली वस्ती कातडीतल्या बारीक नसांत असते. जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरी करणाऱ्या डॉ. नोशीर अंतिया यांनी तर उलटा प्रवास केला. वाकडे हात शस्त्रक्रियेने सरळ करता करता त्यांना वाटू लागले की हात वाकडा होतोच का, हे कळल्याशिवाय या कारागिरीला अर्थ नाही. वरळीला त्यांनी उभारलेल्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये महादेवन आणि पद्मिनी सालगमे यांच्यासह त्यांनी तपासले की रुग्णाच्या भक्षक पेशी टी पेशींना गप्प कशा करतात. त्याच सालगमे पुढे अमेरिकेत गेल्या. १९९१ साली मॉडलिन आणि ब्लूम यांच्या गटाने ‘सायन्स’ नियतकालिकात महारोगाच्या चट्ट्यांतल्या टी पेशींचे दोन स्वभाव उलगडून दाखवले. एका प्रकारच्या पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडून दाह पेटवतात, दुसऱ्या इंटरल्यूकिन-४ सारखी रसायने सोडून तो निववतात. त्यांतल्या एका शोधनिबंधावर पहिले नाव सालगमे यांचे आहे. उंदरांत १९८६ साली दिसलेली ही विभागणी माणसाच्या रोगात इतकी स्वच्छ दिसली ती महारोगात. संधिवात, सोरायसिस, आतड्याचे दाह समजून घेणाऱ्यांना या बिचाऱ्या, वाळीत टाकलेल्या रोगाने असा धडा घालून दिला. २००९ साली चीनमधल्या रुग्णांवरून कळले की महारोग होण्याशी निगडित काही जनुके आतड्याच्या क्रोन रोगाशी निगडित जनुकांपैकीच आहेत.

टी पेशींना आधीच शिकवून ठेवता येईल का, हाही प्रयत्न मुंबईत झाला. परळच्या कॅन्सर संशोधन केंद्रात वाढवलेल्या जंतूंपासून डॉ. माधव देव यांनी लस केली. तमिळनाडूत १९९१ पासून डॉ. मोहन गुप्ते यांच्या देखरेखीखाली एक लाख सत्तर हजारांहून अधिक लोकांवर तिच्यासह चार लशींची तुलना झाली. १९९८ साली निकाल लागला तेव्हा या लशीचे संरक्षण ६५.५ टक्के भरले, सगळ्यांत जास्त. तरी ती राष्ट्रीय कार्यक्रमात आली नाही. तोवर रुग्णसंख्या गोळ्यांनीच झपाट्याने उतरत होती, आणि उतरत्या रोगाच्या लशीला वाली मिळत नाही.

१९९८ हे साल वाशीमकरांच्या वेगळ्या कारणाने लक्षात असेल. १ जुलैला अकोल्यातून फुटून वाशीम पुन्हा जिल्हा झाला. त्याच महिन्यात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने थॅलिडोमाइडला परवानगी दिली. गर्भातल्या हजारो मुलांचे हातपाय खुंटवणारे हेच ते बदनाम औषध. जेरुसलेममध्ये शेस्किन या डॉक्टरने १९६० च्या दशकात ते झोपेसाठी म्हणून अंगभर गाठींची रिअ‍ॅक्शन आलेल्या महारोग्याला दिले आणि एक-दोन दिवसांत गाठी विरल्या. ते दाह पेटवणाऱ्या टीएनएफ या रसायनाला आळा घालते, हे १९९१ साली कळले. त्याच रसायनाला अडवणारी इंजेक्शने आज शहरातले संधिवाताचे रुग्ण घेतात. आणि ती घेताना किंवा थांबवल्यावर एखाद्याचा झोपलेला महारोग वर आल्याचीही नोंद आहे. गुरुचरित्राच्या काळी महारोगाच्याच पंगतीला बसवलेले पांढरे कोड हाही टी पेशींचाच उद्योग निघाला, तिथे जंतूसुद्धा नसतो. शरीर स्वतःवरच का उलटत नाही, त्याला आवरणाऱ्या टी पेशी कोणत्या, या शोधासाठी २०२५ चे नोबेल साकागुची, ब्रन्को आणि रॅम्सडेल यांना मिळाले.

पण प्राथमिक आरोग्य केंद्रात यातले काय पोचले? १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधांची बहुविध उपचारपद्धती सुचवली. भारतात ती पहिल्याप्रथम जिथे सुरू झाली त्या जिल्ह्यांत वर्धा होता. सहा किंवा बारा महिने गोळ्यांची पाकिटे, आणि रुग्ण जंतुमुक्त. २००५ च्या डिसेंबरात देशाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले, निर्मूलनाची घोषणा झाली, आणि महारोगासाठीचा वेगळा कर्मचारीवर्ग सर्वसाधारण आरोग्यसेवेत विरघळून गेला. हिशेब जंतूंचा होता, त्यामुळे तो जुळला. नसांचा हिशेब कोणी मांडला नव्हता. जुना कुष्ठ तंत्रज्ञ रुग्णाला डोळे मिटायला लावून बॉलपेनचे टोक तळहाताला टेकवी आणि कुठे टेकले ते बोटाने दाखवायला सांगे. करंगळी बाजूला ताणायला लावून तिचा जोर आजमावी. कोपरामागची नस चाचपी. या पाच मिनिटांत नसेवरची सूज कळे. सहा महिन्यांच्या आत कळली तर प्रेडनिसोलोन सुरू करून, ४० मिलिग्रॅमपासून हळूहळू उतरवत, हात पुष्कळदा वाचतो. त्यानंतर वाचण्याची आशा फार थोडी.

ही तपासणी महाग नाही, यंत्रही लागत नाही. लागतो तो सवयीचा हात, आणि तो निवृत्त झाला. शिवाय गोळ्यांचे शेवटचे पाकीट संपले की नोंदवहीत रुग्णाच्या नावापुढे ‘आरएफटी’, उपचारमुक्त, असा शेरा पडतो. रिअ‍ॅक्शन त्यानंतरही येते, कधी दोन-तीन वर्षांनीसुद्धा. मानोरा किंवा रिसोड तालुक्यातला, सोयाबीन काढणीच्या दिवसांत नस ठणकू लागलेला असा माणूस कामाने हात दुखतो म्हणून दुखण्याची गोळी घेतो, शेत उरकल्यावर दवाखान्यात जायचे ठरवतो, आणि त्याचे नाव ज्या यादीत शोधायचे त्या यादीतून ते आधीच कमी झालेले असते.